शून्य सावलीतला काळा

काळ्या पेहरावाची हौस असलेल्या गॉथ मंडळींचा जागतिक गॉथ दिवस दरवर्षी २२ मे रोजी साजरा होतो. इंग्लंडातल्या मंडळींनी २००९ पासून तो सुरू केला. तिकडे मे म्हणजे फुलांचा महिना, कोवळ्या उन्हाचा. धाडचं पंचांग त्यांनी पाहिलं नसणार. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, जालन्याच्या शिवेजवळच्या या गावात नेमक्या त्याच दोन-चार दिवसांत भर दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. पाठोपाठ २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो, की नऊ कडक दिवसांचा नवतपा सुरू. अशा दुपारी नखशिखांत काळं घालून बाजारात जाणं हा शुद्ध वेडेपणा वाटेल. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर ती अवघड जागा आहे. ती कशी घेतली जाते, हे पाहण्यासारखं असतं.

गॉथ पेहरावाचा जन्म थंड देशातला. १८६१ साली नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने काळं घातलं ते १९०१ साली मरेपर्यंत उतरवलं नाही. त्या शोकवेषाचा, सूझी सू या गायिकेच्या दाट काजळाचा आणि १९८२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबातल्या तरुण पोरांच्या हौसेचा हा वारसा. मखमल, चामडं, आवळलेली चोळी, गुडघ्यापर्यंतचे बूट अशी सारी सामग्री. धाडच्या मे महिन्यात यातलं काहीच चालत नाही. उरतं ते या शैलीचं मूळ तत्त्व: काळ्यावर काळा. इथे रंग मदतीला येत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याचं लक्ष आपोआप विणीकडे, पोताकडे, घडीकडे जातं. अंगावरचं कापड वाईट असेल तर काळा ते लपवत नाही, उघडं पाडतो.

म्हणून आधी कापड. गॉथ मुलीने शहरातल्या फॅशनच्या दुकानात जाऊ नये, तालुक्याच्या गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये जावं. तिथे ब्लाउजचं टू बाय टू रुबिया, परकराचं पॉपलिन, अस्तराचं केंब्रिक, झालंच तर मलमल, असं सगळं सुती कापड काळ्यात मिळतं आणि मीटरवर फाडून देतात. टू बाय टूमध्ये ताणा आणि बाणा दोन्हीकडचं सूत दुपदरी, पिळाचं असतं. त्यामुळे कापड पातळ राहूनही अंगाला चिकटत नाही, किंचित ताठ उभं राहतं. लेसच्या जागी हकोबा घ्यावा. त्याच्या भरतकामात पाडलेली बारीक भोकं लंडनच्या जाळीचं काम करतात आणि वर वाराही आत घेतात. नायलॉनची जाळी मात्र घामाने टोचते, ती नकोच. आता पॉपलिनच्या मंद काळ्यावर हकोबाचा उठावाचा काळा आणि खांद्यावरून मलमलीचा अर्धपारदर्शक काळा, असे तीन थर एकावर एक आले, की एकाच रंगात तीन सप्तकं ऐकू येतात. रंगीबेरंगी कपड्यांत ही बारकाई कधीच दिसली नसती.

मग हवा. खरी कारागिरी इथे आहे. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात श्कोल्निक आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला होता. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, असा त्याचा प्रश्न. नेगेवच्या वाळवंटात भर उन्हात माणूस उभा करून काळा झगा, पांढरा झगा असे आळीपाळीने घालून त्यांनी मोजमाप केलं. काळं कापड अर्थातच जास्त तापलं. पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचलीच नाही, वाटेतच हवेत गेली. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात शरीराला मिळालेली उष्णता सारखीच निघाली. हे जमतं ते ढगळपणामुळे. कापड आणि अंग यांच्यामधली हवा तापते, वर चढते, गळ्याजवळून निसटते आणि खालून घेराखाली नवी हवा आत येते. झगा धुराड्यासारखा ओढतो. त्यामुळे गॉथ मुलीच्या पायघोळ घागऱ्याचा घेर आणि सैल बाही यांच्याकडे नुसती नाटकी ऐट म्हणून पाहू नये. त्या घेरात वारा खेळवण्याची सोय शिवलेली असते. तंग काळी जीन्स घातली, की सगळा हिशेब कोसळतो.

या हिशेबाला धाडची हवा साथ देते, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. घाटावरचा उन्हाळा कोरडा. घाम आला की लगेच उडतो, आणि उडताना अंग गार करतो. विदर्भात घरोघरी पाण्याचे कूलर चालतात ते याच कारणाने. मुंबईच्या दमट हवेत रॉकच्या मैफलीला गेलेल्यांचे काळे टी-शर्ट पाठीला चिकटलेले असतात. तेवढा छळ इथे नाही. काळ्या वेषाला कोकणापेक्षा वऱ्हाड मानवतं, असं माझं ठाम मत आहे.

आता सूर्याचा कोन. सूर्य बरोबर माथ्यावर असला, की ऊन डोक्यावर आणि खांद्यांवर सरळ पडतं. उभ्या पडणाऱ्या घागऱ्याच्या निऱ्यांवरून ते फक्त ओझरतं जातं. म्हणजे भर बारा वाजता तापतात ते खांदे, घेर नव्हे. आपल्या जुन्या नेसण्याने ही गोष्ट कधीच ओळखली होती. काळी चंद्रकळा आठवा. तिचा पदर डोक्यावरून, खांद्यावरून येतो, म्हणजे जिथे ऊन पडतं नेमकं तिथेच कापड दुपदरी होतं. काष्ट्यामुळे पोटऱ्या मोकळ्या राहतात. (कमरेला मात्र नऊवारीच्या गुंडाळ्या पुष्कळ, तिथे ती गरम होणारच. कौतुक करतानाही एवढं कबूल करायला हवं.) आपण चंद्रकळेला संक्रांतीच्या थंडीपुरतं मर्यादित करून टाकलं. सुती चंद्रकळेचा पदर मे महिन्यात अधिक अर्थपूर्ण दिसतो. आठवडी बाजारात काळ्या निदा कापडाचा बुरखा घालून भाजी घेणाऱ्या बायकांकडे पाहावं. चांगल्या शिंप्याने बेतलेल्या बुरख्यात खांद्याची शिवण उतरती असते आणि कापड तिथून सुटून खाली अंगाला न टेकता पडतं. तो पडाव पाहत राहावा इतका देखणा असतो.

दागिन्यांत गॉथ मंडळींना सोनं चालत नाही, चांदी लागते. बुलढाणा जिल्ह्याने या बाबतीत त्यांची चैन करून ठेवली आहे. खामगाव ही चांदीची पेठ, तिला रजतनगरी म्हणतात. काळ्या सुती कापडावर झळझळीत पॉलिशची चांदी उथळ दिसते. जरा काळवंडलेली, खाचांत काजळी धरलेली, उंचवट्यांवर तेवढी घासून उजळलेली चांदी काळ्याशी खरी बोलते. आजीच्या पेटीतल्या वाळ्या-तोड्यांवर ही झिलई वापरानेच चढलेली असते. ती रिठ्याने घासून घालवणाऱ्यांना काय म्हणावं!

काळ्याचा दुसरा अर्थ या भागात सगळ्यांना पाठ आहे. धाडपासून जवळच पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा. तिथे होळीच्या सुमाराला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. बाधा, नजर, उतारा हे शब्द इकडे रोजच्या बोलण्यातले. मनगटावरचा काळा दोरा, गालावरची तीट हे त्याच भाषेतले. एवढं काळं अंगावर घेतलेल्या मुलीला पाहून एखादी म्हातारी म्हणेल, ‘बाई, हिला कोणाची नजर लागायची?’ लंडनच्या गॉथांना हा विनोद कळणार नाही. इथे तो पेहरावाचाच भाग होऊन जातो.

डोळ्यांचं काजळ उन्हात पसरतं, पण या शैलीत पसरलेलं काजळ दोष नाही, तो तर सांप्रदायिक अलंकार. तरीही उन्हाळी गॉथ साजशृंगारातला सर्वांत सुंदर तपशील मला आपल्याच म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर आणि कपाळावर दिसतो: हिरवट काळं गोंदण. घामाने वाहत नाही, उन्हाने वितळत नाही, दुपारी चार वाजता आरशात पाहून नीट करावं लागत नाही.

छत्री काळीच, वाकड्या मुठीची. लांब घेराचा घागरा आणि डोक्यावर काळी छत्री हे चित्र व्हिक्टोरियन म्हणून मिरवलं जातं, पण मे महिन्यात तालुक्याला निघालेला कुठलाही धोतरवाला आजोबा तेच करत आलेला आहे. शिवाय काळं कापड अतिनील किरणं फिकट कापडापेक्षा चांगली अडवतं. सूर्य माथ्यावर असताना छत्रीचं वर्तुळ खांदेही झाकतं. एका वस्तूत शोभा आणि सोय इतकी एकजीव झालेली क्वचितच सापडते.

बुटांबद्दल मी परंपरावाद्यांशी सहमत नाही. तापलेल्या डांबरावर जाड तळ हवा हे खरं, पण तो कातडी वहाणेलाही असतो. काळ्या चामड्याची, करकरणारी वहाण घालावी. करकर हाही या पेहरावाचा आवाज.

राहिली धुलाई, आणि जाणकाराची अखेरची ओळख तिथेच पटते. गडद काळ्या कापडावर वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटतात, म्हणून संध्याकाळीच कपडा साध्या पाण्यातून काढावा. उलटा करून सावलीत वाळत घालावा, नाहीतर एका मोसमात रंग तांबूस मारू लागतो. पूर्वी हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यात काळा साधत, आणि ते लोह हळूहळू सूतच खात असे. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषा आधी विरून जातात त्या यामुळे. आताचे रंग सहसा सूत खात नाहीत, फक्त उतरतात. आणि नीट सांभाळलेला, दोन उन्हाळे पाहिलेला, खांद्यांवर किंचित फिकटलेला आणि निऱ्यांच्या आत अजून गडद असलेला पोशाख कोऱ्या कपड्यापेक्षा कितीतरी जास्त बोलका असतो. ऊन कुठे पडलं आणि कुठे पडलं नाही, याचा नकाशा त्यावर चढलेला असतो.