पहिल्या आठवड्याची गोष्ट

केसरी वाड्यापासून दोन मिनिटांवर आमचं घर. पंचविशीतल्या भाच्याला हॉजकिन्स लिम्फोमा निघाला, केमोथेरपी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी घरात 'आनंद' लागला. भेटायला आलेल्या कुणीतरी तो आवर्जून सुचवला होता, धीर यावा म्हणून. भाच्याने पाऊण तास पाहिला आणि विचारलं, "मामा, याला सलाईन कधी लावणार?"

प्रश्न थट्टेतला होता, पण तो माझ्या डोक्यातून जाईना. १९७१च्या या चित्रपटात आजार आहे, आजाराचं भारदस्त नाव आहे, पण उपचाराचे दिवस जवळपास नाहीत. चित्रपट सुरू होतो तोच आनंदवर पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरच्या सत्कारापासून. म्हणजे गोष्ट डॉक्टरची. रमेश देव आणि सीमा यांचं कुलकर्णी जोडपं, ललिता पवारांची मेट्रन, सगळे आनंदमुळे थोडे जास्त चांगले होतात. मरणाऱ्या तरुणाला एवढं काम लावलेलं असताना त्याला मळमळायला फुरसत कुठली!

हृषीकेश मुखर्जींना दोष देणं मात्र अन्यायाचं होईल. 'लिम्फोसार्कोमा' हा शब्द आता डॉक्टरही वापरत नाहीत. भाच्याला जी चार औषधं दिली जातात, तो एबीव्हीडी नावाचा उपचार इटलीत बोनाडोना यांनी सत्तरच्या दशकात मांडला. तेव्हाच्या पटकथेला मरण हाच शेवट सुचला तर नवल नाही. नवल याचं की आज या आजाराचे बहुसंख्य तरुण रुग्ण बरे होतात, तरी आपण त्यांच्या हातात तीच गोष्ट देतो. १९७८च्या 'अंखियों के झरोखों से'मध्येही सचिनची प्रेयसी जातेच. युवराज सिंगच्या २०१३च्या आत्मकथनात केमोचे दिवस येतात खरे, पण तो मैदानावर परतलेला आपण आधीच पाहिलेला असतो. वाचकाला धाकधूक उरत नाही.

पडद्यावरच्या केमोची खूण म्हणजे गळणारे केस. ते साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, पण कॅमेऱ्याला दिसतात म्हणून आधी तेच. बद्धकोष्ठता दिसत नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत तासन्‌तास बसणं. नर्स हातमोजे घालून लालभडक औषध शिरेत सोडते, त्याने संध्याकाळी लघवी लालसर होते. आधी सांगितलेलं असूनही ताईचा जीव उडतो. उलटी थांबवणाऱ्या गोळीने पोट जड. स्टिरॉइडने रात्री दोनला टक्क जाग. मग उचकी. सकाळी फोडणीचा वास आला की भाचा गच्चीवर पळायचा, म्हणून चार दिवस आमच्याकडे फोडणीच बंद होती. यातून कुणाला कसला धडा मिळत नाही, आणि लेखकांनी हे दिवस टाळायचं कारण मला तेच वाटतं.

भेटायला येणाऱ्यांचा तर एक वेगळा लेख होईल. गव्हांकुराचा रस घेऊन आलेले काका, 'कुणाला बोलू नका' असं सांगत सगळ्या आळीला सांगून आलेल्या काकू. त्यांना दारातूनच परतवणं ताईला जड गेलं, कारण पेठेत ते वर्षभर टिकणारं भांडण असतं. पण आठव्या-नवव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी तळाला जातात. ताप ३८ अंश झाला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, असा कागद फ्रिजवर चिकटवलेला.

आमचा नववा दिवस नेमका अनंत चतुर्दशीचा. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, सगळं मिरवणुकीने भरलेलं. रुग्णवाहिकेला मिरवणूक वाट देते, हे इथे लहानपणापासून पाहिलंय. पण रात्री अकराला थर्मामीटर ३७.८ दाखवतो, तेव्हा लहानपणी काय पाहिलं ते आठवत नाही. खिडक्यांची तावदानं ढोलांनी थरथरत होती. ताई दर वीस मिनिटांनी थर्मामीटर झटकत होती, तो डिजिटल असूनही.

ताप ३८ला पोचला नाही. पहाटे उतरला.

भाच्याची एक वही आहे. तारीख, ताप, किती पाणी प्यायलं, शौचास झाली की नाही. मध्येच कुठे उचकीला घातलेली एक शिवी. या पहिल्या आठवड्यावर माझ्या वाचनात आलेलं सर्वांत खरं लिखाण तेच. त्यातला उतारा इथे छापू का, विचारलं. नाही म्हणाला. बारापैकी दोनच डोस झालेत, आत्ता कशाला.