प्रतिमा, अंतर आणि नोंद

यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे वलय क्षीण होते, हे वाल्टर बेंजामिनचे 1936 च्या निबंधातील प्रतिपादन वस्तुसंग्रहालयांच्या आंतरजालीय संग्रहांना सरसकट लावले जाते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रेइक्सम्युझियमचे उदाहरण मात्र ते तसेच्या तसे स्वीकारू देत नाही. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ (1642) या चित्राची, 8,439 छायाचित्रे जोडून सिद्ध केलेली 717 अब्ज बिंदूंची प्रतिमा या संग्रहालयाने 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली. दालनात उभ्या प्रेक्षकाला न दिसणारी रंगथरातील सूक्ष्म भेग आता दूरदेशीच्या अभ्यासकालाही दिसते. वलय येथे विरत नाही, स्थलांतर करते.

परंतु सामीप्य म्हणजे आकलन नव्हे. साडेचार मीटर रुंदीचे चित्र पडद्यावर एकतर वीतभर होते, नाहीतर तुकड्यांत विखुरते. चित्रकाराने गृहीत धरलेले अंतर दोन्ही वेळा हरवते. शिवाय शोध घेतला जातो तो नोंदीतील शब्दांच्या आधारे, आणि नोंद ही निरागस नसते. ‘रात्रीचा पहारा’ हे नाव रेम्ब्रांटने दिलेले नाही. प्रसंग तर दिवसाचा आहे. काळवंडलेल्या वार्निशातून उपजलेले हे अपवाचन नोंदीने चिरस्थायी केले.

1715 मध्ये नगरभवनाच्या भिंतीत बसवण्यासाठी छाटलेल्या कडांची 2021 मध्ये संगणकाच्या साहाय्याने झालेली पुनर्रचना लुंडेन्सच्या लहान प्रतीवर आधारलेली आहे. पाठचिकित्सक अशा भागाला प्रक्षिप्त म्हणून कंसात टाकतो; पडद्यावरील अखंड चौकटीत तो कंस कोठे द्यायचा?