'रंगरसिया'त दगड मागे पडला

केतन मेहतांचा 'रंगरसिया' (2014) पाहिलात? रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' कादंबरीवर बेतलेला. रणदीप हुडा छान, रंगही देखणे. पण सिनेमा रमतो तो सुगंधेच्या प्रेमात आणि कोर्टातल्या खटल्यात. छापखाना दिसतो, पण कळत नाही. माझी तक्रार तिथंच आहे.

रविवर्मांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. त्यामागचं विज्ञान साधंच: तेल-पाणी एकत्र नांदत नाहीत. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा. मग तेलकट शाई फक्त चित्रावर बसते, ओल्या जागी नाही. दर रंगाला वेगळा दगड. कागद जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर!

जपानच्या होकुसाईची ती प्रसिद्ध लाटही अशीच: चित्र त्याचं, पण लाकडी ठसे कोरणारे आणि छापणारे हात दुसऱ्यांचे.

आमच्या कळसाडीसारख्या गावात लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या त्या छपाईमुळे. मूळ तैलचित्र इथं कोण आणणार होतं? हाही रविवर्मांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग होता.

सिनेमा जरूर बघा. मग घरातली तसबीर एकदा जवळून बघा. सही एकाची असते, हात बऱ्याच जणांचे.