दुसऱ्या भाषेतील लेखन आणि वाचनीयतेची मोजमापे

मजकूर वाचायला किती सोपा आहे आणि दुसरी भाषा शिकणाऱ्याने लिहिलेला मजकूर किती चांगला आहे, हे दोन प्रश्न संशोधनात वेगवेगळ्या वाटांनी आले. पहिला पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रांच्या गरजेतून आला, दुसरा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून. दोन्हीकडे हाती आलेली मापे मात्र बरीचशी सारखीच निघाली: वाक्याची लांबी, शब्दाची लांबी आणि शब्दाची दुर्मीळता. पाठ्यपुस्तकात लांब वाक्य आले की ते दोषात जमा होते. विद्यार्थ्याच्या निबंधात तेच वाक्य प्रगतीची खूण मानले जाते. या क्षेत्रातील शंभर वर्षांच्या कामाकडे पाहताना ही विसंगती सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

वाचनीयतेचे संशोधन अमेरिकेत सुरू झाले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये शिक्षकांसाठी दहा हजार इंग्रजी शब्दांची वारंवारतेनुसार यादी केली. दोनच वर्षांनी लाइव्हली आणि प्रेसी यांनी तिच्या आधारे पाठ्यपुस्तकांतील शब्दांचा भार मोजला. १९४८ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र आले. दर वाक्यातील शब्दांच्या सरासरीला १.०१५ ने आणि दर शब्दातील उच्चारी अक्षरांच्या सरासरीला ८४.६ ने गुणायचे, आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करायचे. उरलेला आकडा जितका मोठा, तितका मजकूर सोपा. त्याच वर्षी एडगर डेल आणि जीन चॉल यांनी चौथीच्या मुलांना ओळखीच्या असलेल्या तीन हजार शब्दांची यादी आपल्या सूत्राला जोडली. पुढे १९७५ मध्ये किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी फ्लेश यांचे सूत्र शालेय इयत्तांच्या भाषेत मांडले. आज संगणकावर दिसणारा वाचनीयतेचा आकडा बहुधा याच घराण्यातला असतो.

या सूत्रांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. हजारो पुस्तके इयत्तांनुसार लावायची असतील तर ती उपयोगी पडतात, कारण अवघड विषयांवरच्या लेखनात वाक्ये सहसा लांब असतात आणि शब्द अनोळखी. पण तापमापकाने ताप कळतो, दुखणे कळत नाही. लेखक आणि संपादक सूत्राला खूश करण्यासाठी वाक्ये तोडू लागले, तेव्हा खरे नुकसान झाले. डेव्हिसन आणि कॅन्टर यांनी १९८२ मध्ये मूळ उतारे आणि त्यांची सोपी केलेली रूपे शेजारी ठेवून हे दाखवून दिले. मराठीतही ते सहज पडताळता येते. ‘पाऊस लांबणार हे कळल्यामुळे शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली, म्हणून त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली नाही’ हे वाक्य असे तोडले: ‘पाऊस लांबणार होता. शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली. दुबार पेरणीची वेळ आली नाही.’ सूत्राच्या लेखी दुसरे रूप सोपे आहे. पण ‘मुळे’ आणि ‘म्हणून’ गळाल्यावर कार्यकारण जुळवण्याचे काम वाचकावर पडते. गावाकडचे मूल ते अनुभवाने जुळवील. शेत न पाहिलेल्या मुलाला तीन सुटी विधाने मिळतील. दुसऱ्या भाषेतून वाचणाऱ्याची अडचण आणखी मोठी, कारण त्याला एका वेळी शब्दही सोडवायचे असतात आणि दुवेही.

मजकुराकडून वाचकाकडे वळण्याचा पहिला मोठा प्रयत्न त्याआधीच झाला होता. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये क्लोझ चाचणी मांडली. उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचा, समजा दर पाचवा, शब्द गाळायचा आणि वाचकाला तो भरायला सांगायचे. किती जागा बरोबर भरल्या यावरून तो मजकूर त्या वाचकाला किती उमगला याचा अंदाज येतो. अर्थात एवढ्या अंतरावर गाळलेला शब्द पुष्कळदा त्याच वाक्यातून ओळखता येतो, त्यामुळे संपूर्ण उताऱ्याचे आकलन या चाचणीत कितपत उतरते, हा आक्षेप रास्तच आहे.

मेम्फिस विद्यापीठात तयार झालेल्या कोह-मेट्रिक्स या संगणकीय साधनाने २००४ पासून मजकुरातील सुसंगती मोजायला घेतली. त्याच्या आधारे क्रॉसली, ग्रीनफील्ड आणि मॅकनमारा यांनी २००८ मध्ये केलेला अभ्यास दुसऱ्या भाषेच्या वाचकांसाठी विशेष मोलाचा आहे. लगतच्या वाक्यांत आशयाचे शब्द किती पुन्हा येतात, वाक्यरचना किती सारख्या आहेत आणि शब्द किती रुळलेले आहेत, या तीन गोष्टींवरून जपानी विद्यार्थ्यांचे क्लोझ चाचणीतील यश जुन्या सूत्रांपेक्षा अधिक चांगले सांगता आले. एकाच देशातील वाचक आणि मोजके उतारे ही त्याची मर्यादा. पण मापांची निवड प्रथमच वाचनाच्या प्रक्रियेला धरून झाली होती. शब्दसंग्रहाच्या बाजूने हू आणि नेशन यांनी २००० मध्ये दाखवले, की कोणाच्याही मदतीविना मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोनच शब्द अडले तर चालतात. नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र असे वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपे मिळून होणारे गट, लागतात. पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांनी इतर सारे विसरले तरी हा ९८ टक्क्यांचा आकडा विसरू नये.

लेखनाच्या मूल्यमापनात पहिला पेच परीक्षकांचा होता. पॉल डिडेरिक आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांकडून तपासून घेतले. त्यांत इंग्रजीचे, समाजशास्त्रांचे आणि विज्ञानाचे शिक्षक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि व्यवसायातील अधिकारीही होते. निकष मुद्दाम दिले नव्हते. फक्त नऊ गठ्ठे करायचे होते. ९४ टक्के निबंध सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या गठ्ठ्यांत जाऊन पडले. संख्याशास्त्रीय विश्लेषणातून वाचकांचे पाच कल दिसले: कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी मांडणीला, कोणी शैलीला, कोणी शुद्धलेखन आणि व्याकरणाला, तर कोणी शब्दयोजनेला.

या प्रयोगानंतर परीक्षकांत एकवाक्यता आणण्याकडे बहुतेक शक्ती खर्च झाली. १९८१ मध्ये जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून लिहिणाऱ्यांसाठी जी गुणपद्धती केली, तिच्यात आशयाला ३०, भाषावापराला २५, मांडणीला आणि शब्दसंग्रहाला प्रत्येकी २० आणि लेखनाच्या तांत्रिक बाजूंना ५ गुण होते. पुढे परीक्षकांना नमुना-निबंध देऊन प्रशिक्षण देणे आणि कडक व सैल परीक्षकांतील फरक गणिताने वेगळा काढणे रूढ झाले. विश्वसनीयता वाढली, हे मान्यच केले पाहिजे. पण परीक्षक एकमताने चुकूही शकतात. डिडेरिक यांना आढळलेले पाच कल म्हणजे निव्वळ गोंधळ नव्हता. चांगल्या लेखनाबद्दलची ती पाच समंजस मते होती. त्यांतले एक निवडून बाकीची गप्प केली तर आकडे जुळतात, सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

भाषिक प्रगती मोजण्याची दुसरी वाट व्याकरणातून गेली. केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये अमेरिकी शाळकरी मुलांच्या लेखनासाठी एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौण वाक्ये असे एकक घेतले. ते दुसऱ्या भाषेच्या अभ्यासकांनी उचलले, आणि मिश्र वाक्ये जास्त म्हणजे लेखक पुढचा, असा समज घट्ट झाला. शाओफेई लू यांच्या २०१० च्या संगणकीय साधनाने वाक्यरचनेची चौदा मापे झटक्यात काढता येऊ लागली. पुढच्याच वर्षी बायबर, ग्रे आणि पूनपोन यांनी मुळालाच हात घातला. गौण वाक्यांची रेलचेल बोलण्यात असते, शास्त्रीय लेखनाची गुंतागुंत नामांभोवतीच्या पदसमूहांत असते, असे त्यांनी मोठ्या भाषासंग्रहांवरून दाखवले. म्हणजे प्रौढ लेखनाची खूण म्हणून जे मोजले जात होते, ते पुष्कळसे संभाषणाचे लक्षण होते. या क्षेत्राला बसलेला हा सर्वांत हितकारक धक्का. त्याचा परिणाम परीक्षांच्या गुणतक्त्यांत अजून पुरेसा उतरलेला नाही.

यंत्राने निबंध तपासण्याची कल्पना एलिस पेज यांनी १९६६ मध्ये मांडली. यंत्राला लेखनाचा खरा गुण दिसत नाही, त्याच्याबरोबर येणाऱ्या बाह्य खुणा तेवढ्या मोजता येतात, हा भेद त्यांनी स्वतःच स्पष्ट केला होता. १९९९ पासून ई-रेटर ही प्रणाली व्यवस्थापन शिक्षणाच्या जीमॅट परीक्षेत वापरली गेली. लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये दोन-तीन शब्द दिले की भारदस्त पण निरर्थक निबंध तयार करणारे यंत्र दाखवले. त्या निबंधांना गुणदान-प्रणालींनी भरघोस गुण दिले. दुसरीकडे वाचनीयता आणि लेखन-मूल्यमापन या दोन्ही शाखा एकमेकींना भेटल्या, हे या काळाचे खरे फलित. सौम्या वज्जला आणि डेटमार म्युरर्स यांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांचे लेखन मोजण्यासाठी केलेली मापे वाचनीयता ठरवायला वापरली आणि मजकुरांचे वर्गीकरण अधिक अचूक झाले.

आता स्वतः मजकूर लिहिणारी मोठी भाषा-प्रारूपे आल्यावर शब्दांच्या दुर्मीळतेचे तेच जुने माप नव्या रूपाने शिकणाऱ्यांना भोवते आहे. २०२३ मध्ये लियांग आणि सहकाऱ्यांनी यंत्रलेखन ओळखणारी सात साधने इंग्रजीच्या टोफेल परीक्षेतील ९१ निबंधांवर चालवली. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के यंत्राचे ठरवले गेले. मर्यादित शब्दसंग्रहामुळे पुढचा शब्द ओळखणे सोपे जाते, आणि साधन त्यालाच लबाडी समजते.

भारतीय भाषांसाठी हे सारे काम नव्याने करावे लागणार आहे. इंग्रजी सूत्रे हिंदी आणि बंगालीला लागू पडत नाहीत, हे मंजिरा सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून या भाषांसाठी वेगळी मापे सुचवली. मराठीत तर ‘शाळेसमोरच्यांनाही’ हा एकच शब्द सहा अक्षरांच्या पुढे जातो आणि पहिलीतल्या मुलालाही कळतो. ‘ऋण’ दोन अक्षरांचा असून अडतो. त्यामुळे शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय सोडवून मूळ शब्दाची वारंवारता पाहिल्याशिवाय मराठीची वाचनीयता मोजता येणार नाही. टोफेलच्या १२,१०० निबंधांच्या २०१३ च्या संग्रहात हिंदी आणि तेलुगू मातृभाषा असलेल्यांचे प्रत्येकी ११०० निबंध आहेत. मराठी भाषकांचा वेगळा गट त्यात नाही.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. घरी हिंदी बोलणारे मूल ‘माझी पुस्तक’ लिहिते, कारण हिंदीत ते नाम स्त्रीलिंगी आहे. सामान्यरूप चुकवून ‘पुस्तकवर’ लिहिते. दोन्ही ठिकाणी अर्थ पोहोचतो. ‘मुळे’ आणि ‘तरी’ यांची अदलाबदल झाली तर मात्र अर्थच उलटतो. या चुकांना सारखेच गुण कापणे चूक आहे, आणि कोणत्या चुकीचे किती वजन हे परीक्षकाच्या सवयीवर सोडणेही. अशा मुलांच्या लेखनाचा इयत्तेनुसार आणि घरच्या भाषेनुसार लावलेला संग्रह, त्यावर अनेक परीक्षकांचे स्वतंत्र गुण आणि त्याच मुलांनी वाचलेल्या उताऱ्यांच्या आकलनाची नोंद, एवढी सामग्री एकत्र आली तर मराठीचे लेखन-मूल्यमापन आणि वाचनीयता यांचा अभ्यास पहिल्यापासूनच जोडीने करता येईल.