शीर्षक आणि शोधक : ‘एचएमटी’ धानाच्या नामकरणाची समीक्षा

१

शीर्षकाचा विचार आपल्याकडे होतो तो बहुधा ललित कृतीचा एक अलंकार म्हणून. शीर्षक सूचक आहे काय, कृतीच्या आशयाशी त्याचा मेळ बसतो काय, असे प्रश्न आपण विचारतो. हे प्रश्न रास्त आहेत. पण ज्याच्या हाती पुस्तक येऊन पोचले आहे, अशा वाचकाचे ते प्रश्न आहेत. ज्याच्या हाती ते अद्याप आलेले नाही, ज्याला ते अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही, आणि तरीही ज्याला त्याचीच गरज आहे, असा एक दुसरा मनुष्य असतो. त्याला आपण ‘शोधक’ म्हणू. वाचकाला शीर्षकानंतर सारा ग्रंथ मिळतो. शोधकाजवळ शीर्षकावाचून दुसरे काही नसते. प्रस्तुत लेखात शीर्षकाचा विचार ह्या शोधकाच्या बाजूने करावयाचा आहे.

शोधकाची चिंता ग्रंथालयशास्त्राने फार पूर्वीच केली आहे. वाचकाचा वेळ वाचवा, असा एक नियम शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच नियमांत घालून दिला. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हान्स पीटर लून यांनी यंत्राच्या साहाय्याने एक नवी सूची सिद्ध केली. शीर्षकातील प्रत्येक अर्थवाहक शब्द वर्णानुक्रमाने मांडावयाचा आणि त्याच्या आजूबाजूस उरलेले शीर्षक छापावयाचे, अशी तिची रचना होती. ज्या लेखाच्या शीर्षकात अर्थवाहक शब्दच नाही, तो लेख अशा सूचीत जणू लिहिलाच गेला नाही! पुढे संगणकीय दस्तऐवजांसाठी ‘एचटीएमएल’ ह्या लेखनपद्धतीचे जे प्रमाण १९९५ साली प्रसिद्ध झाले, त्यातही हीच दक्षता दिसते. नुसते ‘प्रस्तावना’ असे शीर्षक संदर्भाबाहेर निरर्थक ठरते. शीर्षकाने दस्तऐवजाची ओळख साऱ्या जगाच्या संदर्भात पटवावी आणि ते शक्यतो चौसष्ट अक्षरांच्या आत असावे, असा त्याचा आशय आहे. आजच्या शोधयंत्रांचा व्यवहार ह्याच परंपरेतला आहे. यंत्र नवे आहे. शोधकाची अडचण जुनीच आहे.

२

तथापि हे सर्व नियम इंग्रजी वाक्यरचना गृहीत धरून घडलेले आहेत. मराठीत त्यांची अंमलबजावणी करताना दोन अडचणी उभ्या राहतात, आणि त्या आपल्या भाषेच्या घडणीतच आहेत.

पहिली अडचण शब्दक्रमाची. मराठीत विशेषणे आधी येतात आणि मुख्य नाम शेवटी येते. ‘चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पारंपरिक धान वाणांचा एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक मी नमुन्यादाखल रचले आहे. पण अशी शीर्षके आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. शोधयंत्राच्या यादीत शीर्षकाचा आरंभ तेवढा दिसतो आणि लांबलेली शेपटी छाटली जाते. ह्या शीर्षकाचा जो गाभा, म्हणजे धानाचे वाण, तोच छाटला जाण्याचा संभव अधिक. उरलेल्या ‘एक चिकित्सक अभ्यास’ ह्या शब्दांविषयी बोलावयाचे कारण नाही. प्रबंध चिकित्सक नसेल तर तो सादर तरी का करावा?

दुसरी अडचण सामान्यरूपाची. शोधक ‘तांदूळ’ हा शब्द मनात घेऊन येतो; शीर्षकात मात्र ‘तांदळाच्या’ असते. तो ‘नागपूर’ शोधतो. आपण ‘नागपुरातील’ लिहितो. मोठी शोधयंत्रे हे अंतर काही प्रमाणात ओलांडतात. पण अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या साध्या सूचीत हे दोन शब्द परस्परांना ओळखत नाहीत. यास्तव शोधशब्द शक्यतो सरळ रूपात आणि आरंभी यावा, व विशेषणांचा परिवार अपूर्णविरामानंतर बसवावा, हा नियम मराठीपुरता तरी आवश्यक वाटतो. वरील शीर्षक ‘धान वाण : सिंदेवाही तालुक्यातील अल्पभूधारकांची परंपरा’ असे केले, तर त्यात उणे काहीच होत नाही.

ह्यापेक्षाही नाजूक प्रश्न शब्दाच्या निवडीचा आहे. आपल्या भागात शेतात उभे असते ते धान. भात म्हणजे शिजलेले अन्न. पश्चिम महाराष्ट्रात मात्र त्याच पिकाला भात म्हणतात, आणि बाजारात गेल्यावर त्याचा तांदूळ होतो. शीर्षककार ह्या तिहींपैकी जो शब्द निवडील, त्यावरून त्याने कोणाला हाक मारली आहे ते ठरते. ‘सिंदेवाही’ हे नावसुद्धा रोमन लिपीत जाताच ‘व’साठी कोणी एक अक्षर योजतो, कोणी दुसरे. शीर्षकाचा पहिला निर्णय असा श्रोत्याच्या निवडीचा असतो, आणि तो अभावितपणे घेतला जाऊ नये.

३

परंतु शोधकाला आकर्षून घेणे हीच शीर्षकाची इतिकर्तव्यता आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधण्यापेक्षा धानाच्या बांधीत शोधावे. सिंदेवाहीच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल-३’ ह्या वाणाच्या शेतात तीन वेगळ्या, पिवळसर दाण्यांच्या लोंब्या आढळल्या. जेमतेम दीड एकराच्या ह्या धन्याने त्यांचे बी निवडून, वेगळे राखून, वर्षानुवर्षे वाढविले. त्यातून बारीक दाण्याचा, चवीस उत्तम असा वाण सिद्ध झाला. पण तो बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. तळोधीच्या एका व्यापाऱ्याने त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले : ‘एचएमटी’.

शीर्षक म्हणून ह्या नावाचे परीक्षण करणे उद्बोधक आहे. ते अल्पाक्षरी आहे. ते उच्चारास सोपे आणि स्मरणास सुलभ आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स ही १९५३ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. १९६१ पासून तिची घड्याळे निघू लागली, आणि विश्वासूपणाचे सारे पुण्य त्या तीन अक्षरांत साठले होते. ते पुण्य धानाच्या पोत्यावर आयते आले. परिणामकारकता हीच कसोटी मानली, तर ह्याहून यशस्वी शीर्षक आपल्या परिसरात क्वचितच सापडेल. हा वाण महाराष्ट्राबाहेरही गेला आणि गिऱ्हाईक त्याचे नाव घेऊन दुकानात येऊ लागले.

पण हे नाव धानाविषयी काहीच सांगत नाही, गावाविषयी सांगत नाही, कर्त्याविषयी तर अवाक्षरही नाही. आजही केवळ ही तीन अक्षरे घेऊन शोधावयास निघालेला मनुष्य घड्याळांकडे आणि यंत्रांकडे वळण्याचा संभव आहे. नांदेडच्या शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची वाट त्या नावात नाही. आणि ह्या उणिवेची किंमत प्रत्यक्षात मोजावी लागली. खोब्रागडे यांच्या बाजूचे म्हणणे असे की, सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रयोगासाठी म्हणून त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसृत केला. आपण शुद्धीकरण करून वाण सिद्ध केला, ही विद्यापीठाची भूमिका. मूळ निवड आपली, ही शेतकऱ्याची. ह्या वादाचा निर्णय देणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेने एवढेच टिपावे की, नव्या नावात संस्थेची आद्याक्षरे आहेत, घड्याळाची आद्याक्षरे आहेत, आणि मूळ निवड करणाऱ्याचे एकही अक्षर नाही.

खोब्रागडे यांनी पुढे आपल्या वाणांना जी नावे दिली, ती ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. ‘डीआरके’ हे त्यांच्याच नावाचे आद्याक्षर-रूप. ‘नांदेड-९२’, ‘नांदेड चिनूर’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’ ही गावाची साक्ष. शीर्षकाचा अर्थ काय असतो, हे त्यांना अनुभवाने उमगले होते असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही. मात्र येथेही शोधकाचा पेच सुटत नाही, कारण ‘नांदेड’ म्हणताच अपरिचिताचे लक्ष गोदावरीकाठच्या शहराकडे जाते. नाव खरे असूनही अपुरे ठरू शकते. ‘नागभीड’ हा एक शब्द जोडीस असता तर वाट चुकली नसती. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर आणि २०१० साली ‘फोर्ब्स’च्या यादीत गौरव झालेले हे संशोधक ३ जून २०१८ रोजी निवर्तले.

येथे एका कायद्याची आठवण होते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ह्यात वाणाच्या नामाभिधानासंबंधी जी पथ्ये आहेत, ती शीर्षकमीमांसेची सूत्रे म्हणून शिकवावीत अशी आहेत. नावाने वाणाची ओळख पटली पाहिजे. ते नुसते आकड्यांचे नसावे. आणि वाणाचे गुण, मूल्य, ओळख किंवा पैदासकाराची ओळख ह्यांविषयी त्याने दिशाभूल करू नये. ‘वाण’ ह्या जागी ‘लेख’ आणि ‘पैदासकार’ ह्या जागी ‘लेखक’ घालून पाहावे.

४

आकर्षण आणि साक्ष ह्या दोन गोष्टी एका शीर्षकात नांदू शकतात, ह्याची उदाहरणे मराठीत आहेत. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या कथेचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. लोकमान्यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथास ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ असे नाव दिले. ह्यातील पूर्वार्धात शोधकाच्या ओठांवरचा शब्द आहे. गीता शोधणारा ग्रंथाशी पोचतो. उत्तरार्धात ग्रंथकाराचा सिद्धान्त आहे; पोचलेल्याला आपण कोणाच्या घरी आलो ते कळते. मधला ‘अथवा’ हा उंबरठा. पूर्वार्ध एकटा असता तर ग्रंथ अनेक भाष्यांपैकी एक भासला असता. उत्तरार्ध एकटा असता तर गीतेच्या शोधकाला तो दिसलाच नसता.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्या चर्चेला प्रत्यक्ष महत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय भांडारात ठेवणे आवश्यक झाले. कपाटातील प्रबंधाचे शीर्षक परीक्षकापुरते असते. भांडारातील प्रबंधाचे शीर्षक अज्ञात शोधकापुढे उभे असते. तेथे दोन मोह होतात. एक, सर्वांना मानवेल असे निर्जीव शीर्षक. ते कोणालाच सापडत नाही. दुसरा, वृत्तपत्री चमत्कृतीचे शीर्षक. ते सापडते, पण आत गेलेल्याची निराशा करते, आणि निराश शोधक परत येत नाही.

झाडीच्या मुलखात लोकांचे ज्ञान अजून पुष्कळसे अनाम आहे. ते लेखनात आणताना शीर्षकात धान, गाव आणि माणूस ह्यांची नावे येतील की केवळ संस्थेची व पद्धतीची येतील, ह्यावर उद्याच्या शोधकाला काय सापडणार हे अवलंबून राहील. ‘एचएमटी’ने गिऱ्हाईक आणले, पण त्या गिऱ्हाइकाला धन्याच्या दारापर्यंत नेले नाही. शीर्षकाने ही दोन्ही कामे केली पाहिजेत.