रियाधचा डॉक्टर आणि आपण

परदेशी जाऊन केलेल्या सेवेचे अनुभव सांगणारी पुस्तके आपल्या घरांत आवडीने वाचली जातात. ती लिहिणारा बहुधा सेवा करणाराच असतो. ज्याची सेवा झाली त्याचे पुस्तक क्वचितच हाती येते. डॉ. पॉल हॅरिसन यांचे ‘दि अरब ॲट होम’ हे १९२४ सालचे इंग्रजी पुस्तक आम्ही हे ध्यानात ठेवूनच वाचले.

हॅरिसन हे अमेरिकन मिशनचे सर्जन. बहारीनला मिशनचा दवाखाना होता. तेथून १९१७ साली ते इब्न सौद यांच्या बोलावण्यावरून रियाधला गेले. तेव्हा त्या मुलखाला नज्द म्हणत. सौदी अरेबिया हे नाव १९३२ साली आले. पुढे इन्फ्लुएंझाच्या साथीतही ते रियाधला गेले. त्या साथीने इब्न सौद यांचा थोरला मुलगा तुर्की नेला. १९१८ साली मुंबईत त्याच तापाने घरेच्या घरे आजारी पडली होती, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

पुस्तकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. वाळवंटातले बदू, खजुरीच्या बागांतले लोक, समुद्रात बुडी मारून मोती काढणारे आणि राज्य करणारे, या सर्वांकडे लेखक आपुलकीने पाहतो. बदूचा स्वाभिमान त्याला मनापासून आवडतो. पाणबुडे कर्जात कसे अडकतात, हे तो झाकून ठेवत नाही. हे मोती विकायला आपल्या मुंबईच्या बाजारात येत, हे आठवले की ती पाने आपल्याला अधिक बोचतात.

आता उणीव. ती पुस्तकाच्या नावातच आहे. ‘अरब’ हे एकवचन. शेकडो रोगी लेखकाच्या हाताखालून गेले, पण पुस्तकात ‘अरब माणूस असा असतो’ हेच पुन्हा पुन्हा येते. बरा होऊन घरी गेलेला रोगी या परक्या डॉक्टरविषयी बायकोमुलांना काय म्हणाला असेल, हे वाचकाला कळत नाही. शिवाय हा सेवक धर्मप्रचारक आहे. रोग्याचा धर्म हाही जणू एक आजारच आहे आणि आज ना उद्या त्यावरही इलाज व्हावा, ही आशा ओळींमागून डोकावते. हात सर्जनचा आहे, पण मन हिशेब ठेवते.

हे आम्ही रागाने लिहीत नाही. अशी सेवा आपल्या पूर्वजांनीही घेतली आहे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घेतले आणि १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू आपल्या वडीलधाऱ्यांना कळत नव्हता असे नाही. त्यांनी व्याकरण घेतले, मान राखला आणि शनिवारी ते आपल्या मशिदीतच गेले. सिनेगॉगला तेव्हा आपण मशीदच म्हणत होतो. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपली इस्राएली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. हा कृतघ्नपणा होता का? आम्हांला तसे वाटत नाही. मिळालेल्या विद्येचे त्यांनी चीज केले. रियाधचा रोगीही शस्त्रक्रिया करून घेऊन आपल्या नमाजाला परत गेला असेल, तर तोही आपल्याच पूर्वजांसारखा वागला.

आपल्या भावाबंदांच्या देशात आल्यावरही हा अनुभव चुकला नाही. घर, काम, भाषा देणारे होते. आणि लग्नाच्या वेळी आजीपणजीचे कूळ विचारणारेही होते. १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर करेपर्यंत हे शल्य राहिले. देणारा मनाने चांगला असूनही घेणाऱ्याला कमी लेखू शकतो, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

म्हणून ‘दि अरब ॲट होम’ जरूर वाचावे. ते प्रामाणिक माणसाचे पुस्तक आहे. पण रोग्याच्या खाटेवर बसून वाचावे. आपल्यापैकी कित्येकांनी परमुलखात नर्स, शिक्षक, स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. त्यांनी आपले अनुभव लिहावेत, मात्र तीच कसोटी स्वतःलाही लावावी. ज्याचा हात धरला त्याचे नाव काय होते, तो काय बोलला, आणि त्याने आपल्याला काय दिले, एवढे तरी त्या लिखाणात यावे.