पाच सूत्रे आणि नवे कपाट

डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील इंग्रजी ग्रंथ १९३१ साली मद्रासेत प्रसिद्ध झाला. ग्रंथ वापरासाठी आहेत. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था होय, असा त्या सूत्रांचा आशय. ग्रंथ कपाटातून संगणकाच्या पडद्यावर उतरत असताना ही सूत्रे कितपत टिकतात, हे पाहण्यासाठी आम्ही तो पुन्हा हाती घेतला.

पहिले सूत्र आजही सर्वांत तेजस्वी वाटते. एके काळी युरोपात ग्रंथ साखळीने जखडून ठेवीत. आपल्याकडे साखळी नव्हती, पण पोथी फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवली की आपले कर्तव्य संपले, ही समजूत होतीच. रंगनाथनांच्याही आधी बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ही गाठ सोडविली. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून त्यांनी फिरत्या पेट्यांतून ग्रंथ खेडोपाडी धाडले. आजचा कायदा मात्र येथे अर्ध्यावर थांबतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या ग्रंथाची संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली. पण ती जतनासाठी. ती प्रत वाचकाच्या घरी पोहोचविण्याचा अधिकार त्या शब्दात सामावत नाही. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे लोटेपर्यंत ही नवी साखळी राहणारच. शतकांपूर्वीच्या संतकवींच्या पोथ्यांना मात्र ती अडचण नाही. तेथे आड येतो तो केवळ आपला संकोच.

तिसऱ्या सूत्राची खरी कसोटी आपल्याच भाषांत लागते. रंगनाथनांना खुली कपाटे हवी होती. हिंडता हिंडता न मागितलेला ग्रंथही हाती यावा, हा त्यामागचा हेतू. यंत्र मागितले तेवढेच देते, आणि तेही मागितलेल्या लिपीत. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतावरील कोकणी व मराठी कथांची हस्तलिखिते आहेत, ती रोमन लिपीत. कोकणी देवनागरीत, रोमनमध्ये आणि कन्नड लिपीतही लिहितात. आपले जुने दप्तर मोडीत. पानाचे नुसते छायाचित्र घेतल्याने या भिंती पडत नाहीत. सूचीकाराने प्रत्येक ग्रंथाचे नाव दोन-तीन लिप्यांत नोंदविले, तरच ग्रंथाला त्याचा वाचक भेटेल. हे काम यंत्राचे नव्हे, भाषा जाणणाऱ्या माणसाचे.

आमचा मतभेद आहे तो पाचव्या सूत्राशी. ग्रंथालय वाढते हे खरे. पण सजीव वस्तू वाढते तशी मरतेही, यावर या सूत्राचा भर नाही. ताडपत्र शतके टिकते; परवा-परवापर्यंत घरोघरी दिसणारी फ्लॉपी वाचायला आज यंत्र सहजी मिळत नाही. पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासून चालत आले आहे. ते टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ते सांभाळले. संगणकीय प्रत तर दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावीच लागते. नंदादीप एकदा लावून भागत नाही, रोज तेल घालावे लागते.

सूत्रे जुनी झालेली नाहीत, असाच आमचा अभिप्राय आहे. जुनी झाली आहे ती बांधून ठेवण्याची सवय. देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी यंत्र आणण्यापूर्वी आपल्या पोथ्यांची साधी यादी जरी केली, तरी पहिल्या सूत्राचा मान राखला जाईल.